मघाचा हात

ही गोष्ट माझ्या मुलीला माहीत नाही. आमच्या पाळकसाहेबांना माहीत नाही. रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या, माझ्या डब्यातली भाजी हक्काने खाणाऱ्या बायकांनाही माहीत नाही. एका हौसामावशींना माहीत आहे — आणि त्यांनी ती कुणाला सांगितलेली नाही, सांगणारही नाहीत. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायचं बळ माझ्यात अजून नाही, ते आधीच कबूल केलेलं बरं.

मी कोण, ते सांगते. मी मंदा. सांगलीत विश्रामबागला राहते. विम्याच्या एका ऑफिसात तीस वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली. लोकांनी लिहून दिलेलं खरं की खोटं, हे ठरवणं माझं काम. खोटा क्लेम मला दुसऱ्या ओळीलाच कळायचा. खरा माणूस थोडं विसरतो, अडखळतो, वारात चुकतो. खोट्या माणसाला सगळं लख्ख आठवत असतं — ऊन किती होतं, गाईच्या गळ्यात कसली घंटा होती, अगदी सगळं. ऑफिसात माझा दरारा होता. आता ते आठवलं की हसू येतं, पण ते हसू काही फार बरं नसतं.

आमचं चर्च लहान. चाळीसेक कुटुंबांची मंडळी, पत्र्याचं छप्पर, मागे एक हॉल. पाळकसाहेब फलटणकडचे, वयाने माझ्या मुलीएवढे. ते आले तेव्हा आमचा नोटीस बोर्ड बघण्यासारखा होता. गायनसंघ, शिवणवर्ग, इंग्रजीची शिकवणी, तरुणांच्या क्रिकेट मॅचेस, डोळे तपासणी, वाचनालय, आणि दर हिवाळ्यात तीन दिवसांची संजीवन सभा — मांडव घालून, लाऊडस्पीकर लावून, बाहेरगावचा वक्ता बोलावून. एवढं सगळं करणारी माणसं मात्र तीच दहा-बारा. शनिवारी मांडवाच्या दोऱ्या ओढायच्या, रविवारी गायचं, सोमवारी शिकवणी. सगळे दमलेले. दमलेली माणसं एकमेकांवर चिडतात, तसे आम्ही चिडायचो आणि मग एकमेकांसाठी प्रार्थना करायचो.

पाळकसाहेब वर्षभर काही बोलले नाहीत. मग एकदा कमिटीत म्हणाले, "आपण सगळंच करतो, म्हणून काहीच धड होत नाही. आपल्याला सगळ्यात चांगलं काय जमतं, ते एक शोधू या. आणि तेवढंच करू या." एवढं बोलून माझ्याकडे बघितलं. "मंदाताई, हे काम तुमचं. तुमचा डोळा कडक आहे."

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? — म्हणजे, इथे तरी. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, माझ्या डोळ्याचं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी नवी वही आणली आणि दोन महिने एकेक काम जाऊन बघितलं. शिवणवर्गात पाच मशिनी होत्या आणि दोन मुली, त्यातली एक मोबाईल चार्ज करायला यायची. वाचनालयाची किल्ली कुणाकडे आहे, यावर तीन मतं होती. इंग्रजीच्या शिकवणीत शिकवणाऱ्या दादांचं इंग्रजी ऐकलं आणि वहीत काही लिहिलंच नाही, म्हटलं, जाऊ दे. गायनसंघ मात्र गोड गायचा. पण तो चालवणारे शमुवेलदादा आणि त्यांचा पेटीवाला यांचं वर्षातले सहा महिने बोलणं बंद असायचं.

शेवटी उरलं ते वार्षिक अहवालात सगळ्यात खाली, एका ओळीत असणारं काम — 'दर बुधवारी दवाखाना भेट, श्रीमती हौसाबाई.'

हौसामावशी मूळच्या कराडच्या. आयुष्यभर दवाखान्यात आया म्हणून राबल्या, आणि रिटायर झाल्यावरही पाय तिकडेच वळायचे. मला वाटलं होतं, भेट म्हणजे काय, दोन केळी, एक प्रार्थना, उशाशी एक पत्रक. तसं काही नव्हतंच. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात जत, आटपाडीकडून माणसं येतात. पेशंट एक आणि त्याच्यासोबत नातेवाईकही एकच. तो नातेवाईक चार-चार दिवस झोपत नाही, आंघोळ करत नाही, कारण तो उठला तर पेशंटजवळ कोण? मावशी अशा खाटेपाशी जायच्या, खालचं लोखंडी स्टूल ओढायच्या आणि त्या नातेवाईकाला सांगायच्या, "जा, आंगूळ करून ये. जेव. दोन तास पड. तू येस्तवर मी हितनं हलत न्हाई."

बस्स. एवढंच काम.

पण ते कसं करायच्या! पेशंटला पहिलं गाव विचारायच्या. मग पाऊसपाणी, मेंढरं, विहिरीला पाणी किती. जात-धर्म विचारलेला मी कधी ऐकला नाही. सलाइन संपत आलं की सिस्टरला वेळेवर हाक. पेशंट बोलत असेल तर ऐकायच्या, झोपला तर गप्प. मी एकदा विचारलं, मावशी, प्रार्थना नाही का करत? तर म्हणाल्या, "त्येला झोप लागतीया, कशाला माझं त्वांड चालू ठिवू? देवाला मनातलं ऐकू येतं की." दोन तासांनी तो नातेवाईक ओल्या केसांनी परत यायचा, तेव्हा त्याचा चेहरा बदललेला असायचा. जतकडचा एक साठीचा माणूस वॉर्डच्या दारात उभा राहून रडलेला मी बघितला आहे. आठवडाभरात त्याला 'झोप' असं कुणी म्हटलं नव्हतं.

मी जन्मभर प्रवचनं ऐकत आले. काही फार सुंदर होती. पण त्या लोखंडी स्टुलावर जे बघितलं, त्याच्या जवळपास जाईल असं एकही नव्हतं. मला हौसामावशींचा तेव्हा जो आदर वाटला तो आजही तेवढाच आहे, किंबहुना जास्त — का, ते पुढे येईलच. वहीत मी त्या दिवशी एकच पान लिहिलं: आपल्याला सगळ्यात चांगलं जमतं ते हे, आणि ते आपण सगळ्यात खाली ठेवलं आहे. ते पान खरं होतं. या सगळ्या गोष्टीत माझ्या हातून झालेली खरी गोष्ट तेवढी एक.

पाळकसाहेबांनी पान वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाले, मंडळी कागदावरून ऐकायची नाही. वार्षिक सभेच्या आधी कमिटीतल्या प्रत्येकाने एकदा तरी मावशींच्या जागी बसून यावं, आणि पहिल्या तुम्ही. बरोबरच होतं. तोवर मी भिंतीशी वही घेऊन उभी राहत होते. बसले कुठे होते?

इथपर्यंत सांगणं सोपं होतं. आता मी थांबत थांबत सांगेन.

गुरुवार होता. अहवालात बुधवार असला तरी मावशी मधल्या वारीही जायच्या. दुपार. पुरुषांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर बिरूतात्या. आटपाडीकडचे, जन्म मेंढरांमागे गेलेला. फुप्फुसं निकामी झालेली. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, माणूस आलं-गेलं तेवढं कळायचं. सोबत मुलगी शालन. तिचा नवरा सैन्यात, तिकडे लांब, फोनवर. तिचा पाचवा दिवस होता. मावशींनी मला स्टुलावर बसवलं, शालनला आंघोळ करून नातेवाइकांच्या शेडमध्ये झोपायला पाठवलं आणि तिच्यासाठी भाकरी-कालवण करून आणायला स्वतः घरी गेल्या. जाताना शालन मला म्हणाली, "बाई, तात्यास्नी एकलं वाटतं. हात धरला की गप पडत्यात."

धरते की, मी म्हटलं.

आणि धरलाही. काठी धरून धरून तळव्याला घट्टे पडलेला हात. तात्यांनी विचारलं, कोण हाय. मी नाव सांगितलं, शालन झोपायला गेली आहे म्हणून सांगितलं. तर म्हणाले, "बसा." जणू मी त्यांच्या घरी गेले होते आणि आता चहा येणार होता. अर्धा तास तसाच गेला. मला वाटलं, जमतंय की. वहीत काय लिहायचं, तेही मनात जुळवायला लागले होते — बघा, मी कशी बाई आहे.

मग त्यांचा श्वास बदलला. आवाज यायला लागला. हाताची पकड घट्ट झाली, हातावरून मनगटावर आली. मी सिस्टरला हाक मारली. तिने येऊन बघितलं, नळी नीट केली, "डॉक्टरांना सांगते, तुम्ही बसून राहा," म्हणाली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तात्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

आणि मी — मी त्यांची बोटं माझ्या मनगटावरून सोडवली. एकेक करून. ती आपोआप सुटली नाहीत, सोडवावी लागली. करंगळी शेवटी. "आलेच," असं म्हटलं. आणि जिना उतरून खाली गेले.

चक्कर आली नव्हती. फोन आला नव्हता. फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, तिथे बाकावर बसले आणि चहा घेतला. समोरच्या भिंतीवर क्लासेसच्या जाहिराती होत्या, त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. किती वेळ झाला? पाऊण तास, तास — घड्याळ हातात होतं, बघितलं नाही. आणि ऐका, याहून वाईट पुढे आहे. तिथे बसल्या बसल्या मला हौसामावशी दिसल्या. डब्याची पिशवी घेऊन फाटकातून आत जाताना. त्यांनी मला बघितलं की नाही, माहीत नाही. तेव्हा तरी मी उठायचं की नाही? नाही उठले. मला बरं वाटलं. आता वर कुणीतरी आहे, असं वाटून मी दुसरा चहा सांगितला.

का गेले, का बसले, याची कारणं आहेत माझ्याकडे. माझ्या नवऱ्याच्या आजारपणापर्यंत मागे जाणारी, चांगली भक्कम. क्लेमच्या फॉर्मवर कारणांसाठी एक रकाना असतो. तो मी इथे कोरा सोडते.

वर गेले तेव्हा माझ्या स्टुलावर मावशी होत्या. तात्यांचे डोळे मिटलेले, आणि मावशींचा हात अजून त्यांच्या हातात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गेलं तात्या," म्हणाल्या. कुठे होतात, असं विचारलं नाही. तेवढ्यात शालन आली, कुणीतरी शेडमधून उठवलं होतं. बापाच्या छातीवर पडून रडली आणि मग एकदम डोकं वर करून विचारलं, "एकलं हुतं का वो तात्या?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलल्या. "एकलं कशानं? बाईंचा हात हुता की हातात."

माझ्याकडे न बघता बोलल्या. शालनने माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. ओल्या केसांचं पाणी माझ्या मनगटावर ठिबकत होतं, तिथेच, जिथून मी तिच्या बापाची बोटं सोडवली होती. मी हात ओढून घेतले नाहीत.

इथेच थांबले असते तर एका भित्र्या बाईची गोष्ट म्हणून ती संपली असती. थांबले नाही.

दहा दिवसांनी वार्षिक सभा होती, उपासनेनंतर, त्याच पत्र्याखाली. पाळकसाहेबांनी माझं पान वाचलं आणि ठराव मांडला — बाकी सगळं बंद, सगळ्या मंडळीने मिळून हे एकच काम करायचं. आणि जे व्हायचं ते झालं. शिवणाच्या मशिनी एकाने आईच्या आठवणीसाठी दिलेल्या. संजीवन सभा कुणाच्या आजोबांनी सुरू केलेली. शमुवेलदादा उभे राहिले आणि म्हणाले, गायनसंघ बंद करणार असाल तर मी दुसरं चर्च बघतो. मागून कुणीतरी म्हणालं, "बसायचं काय, कोनबी बसतंय." लोक हसले. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. तिसऱ्या बाकावर मावशी होत्या, त्या कुठल्याच बाजूने बोलत नव्हत्या. आपलं काम मोठं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, मला साक्ष द्यायची आहे.

तुम्ही आमच्यातले नसाल तर सांगते. साक्ष म्हणजे आपल्या आयुष्यात देवाने काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. साक्षीला कुणी प्रश्न विचारत नाही. पुरावा मागत नाही. मधे बोलत नाही. शेवटी सगळे मिळून 'आमेन' म्हणतात आणि ती गोष्ट खरी होते. जिने तीस वर्षं पुराव्याशिवाय एक कागद पुढे सरकू दिला नाही, तिला हे पक्कं माहीत होतं की इथे पुरावा लागत नाही.

मी बिरूतात्यांची गोष्ट सांगितली. मेंढरं, घट्टे पडलेला हात, "बसा" — सगळं खरं. मग श्वास बदलला, सिस्टर आली, तेही खरं. आणि मग म्हटलं, "मी शेवटपर्यंत हात सोडला नाही. ते माझा हात धरून शांतपणे गेले." आवाज भरून आला माझा. खरोखर भरून आला! बायका रडल्या. शमुवेलदादांनी चष्मा काढून पुसला. आमेन झाला, मोठा झाला. मी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मावशींची मान खाली होती आणि ओठ मिटलेले होते. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

ठराव झाला. सगळ्यांचे हात वर, मावशींचाही. बाहेर चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. आता बोलतील, असं मला वाटलं. "बाई, काम हुईल आता," एवढंच म्हणाल्या. मी त्यात टोमणा शोधला. अजून शोधते कधीकधी. नव्हता.

काम झालं. हे मला मोकळेपणाने सांगू द्या, कारण यात माझा वाटा नाही. पाच वर्षं झाली. आता रोज दोन पाळ्या असतात, सकाळी आणि दुपारी. कोण कुठे, ते आदल्या दिवशी मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये येतं. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ती माणसं एकमेकांच्या पाळ्या सांभाळतात. इंग्रजी शिकवणारे दादा पेशंटची औषधाची चिठ्ठी नातेवाइकांना इतकी नीट समजावून देतात, की डॉक्टरच त्यांना हाक मारतात. आणि शमुवेलदादा — दुसरं चर्च बघणार होते ते — आमच्यात त्यांच्याइतकं छान कुणी बसत नाही. पेशंटने म्हटलं तर हळू आवाजात गातात. गीत म्हण म्हटलं तर गीत, अभंग म्हण म्हटलं तर अभंग, एका म्हाताऱ्यासाठी तर तमाशातली गवळणसुद्धा गायले, नंतर दोन दिवस लाजत होते. हे सगळं हौसामावशींनी शिकवलं. व्याख्यान देऊन नाही. शेजारी दुसरं स्टूल ठेवून.

मी काय केलं? मी नियमांचं कार्ड केलं. पहिला नियम: 'नातेवाईक परत येईपर्यंत स्टूल सोडायचं नाही. पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.' पाळकसाहेब नव्या माणसांना ते कार्ड देताना म्हणतात, हा नियम जो स्वतः बसला आहे त्यालाच सुचू शकतो. मी मान खाली घालते, आणि लोकांना तो माझा नम्रपणा वाटतो.

दुसऱ्या चर्चची माणसं बघायला यायला लागली. मला बोलावणी आली. कराडला जाऊन मी ती साक्ष दिली. फलटणला दिली. आणि काय सांगू — ती वाढत गेली. कराडला तात्या शेवटी हसले. फलटणला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. खिडकीतून ऊन कसं आलं होतं, तेही मी सांगितलं. दुसऱ्याच ओळीला ओळखला असता मी असा क्लेम. ओळखलाच होता.

तुम्ही म्हणाल, पण त्या साक्षीमुळेच तर हे काम उभं राहिलं ना? मीही स्वतःला हेच म्हटलं, पुष्कळ वेळा, चांगल्या शब्दांत. ते त्या कोऱ्या रकान्यातलं आहे. तिथेच राहू दे. मावशी शालनशी खोटं बोलल्या ते शालनसाठी. मी उभी राहिले तेव्हा कामाचं नाव पुढे होतं, पण लोक रडत होते ते माझ्याकडे बघून, आणि ते मला हवं होतं.

एक प्रश्न मात्र मी पाच वर्षं जवळ बाळगला. मावशी वर पोचल्या तेव्हा तात्या होते की गेले होते? माझा चहा चालू असताना तो माणूस एकटा गेला का? याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं, आणि ते माणूस दर रविवारी मला भेटत होतं. मी त्यांना चहा दिला, त्यांची पिशवी उचलली, त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल आणलं. विचारलं नाही. उत्तर 'गेलं हुतं' असं आलं तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी मावशींचे गुडघे पारच गेले आणि त्या कराडला लेकीकडे राहायला गेल्या. हिवाळ्यात मी बसने भेटायला गेले. अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होत्या. मी समोर बसून निवडायला लागले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मेथीकडे बघतच मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही वर आलात, तेव्हा तात्या होते का हो?"

कोणते तात्या, असं त्यांनी विचारलं नाही. "हुतं की," म्हणाल्या. "घटकाभर तरी हुतं."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं — किती थोडा वेळ, ते आता बघा. मी म्हटलं, "मग मला कधी सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलंच न्हाई."

त्यांनी एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. आणि सहज, कालची गोष्ट सांगावी तसं सांगायला लागल्या. "म्या गेले तवा हात पसरून चाचपडत हुतं. मला म्हनलं, बाई आली का? म्या म्हनलं, आली. आन् दिला हात. दुसरं काय करनार?"

"म्हणजे त्यांना वाटलं, मीच आले."

मावशी हसल्या. "कशाचं वाटतंय. माझा हात चाचपला आन् म्हनलं, मगाचा हात मऊ हुता. ह्यो कामाचा हाय."

मी मेथी निवडायची थांबले होते. मावशी थांबल्या नव्हत्या.

"म्या म्हनलं, तात्या, त्या बाईंना जरा खाली जावं लागलं. तर म्हनलं, भ्याली आसंल. यील सावकाश. आन् दाराकडं त्वांड करून पडलं. माझा हात काय सोडला न्हाई, पर त्वांड दाराकडंच."

त्यानंतर मावशींनी मला जेवून जायला सांगितलं. मेथीची भाजी झाली होती. मी जेवले.

तर ते एकटे गेले नाहीत. हौसामावशींनी त्यांना एकटं जाऊ दिलं नाही. आणि जिला ते कळूनसवरून माफ करत होते, जिची ते दाराकडे तोंड करून वाट बघत होते, ती खाली भिंतीवरच्या जाहिराती वाचत दुसरा चहा पीत होती.

शालन दरवर्षी येते. बाजरी निघाली की येते, पाच किलोची पिशवी माझ्यासाठी आणि एक मावशींसाठी. नवरा सैन्यातून रिटायर झाला, आता दोघं सांगलीतच राहतात. यंदा आली तेव्हा म्हणाली, मलाबी बसायचंय तुमच्यासंगं, दवाखान्यात. मी पाळ्यांच्या तक्त्यात तिचं नाव लिहिलं, दर गुरुवार, दुपार. कार्ड दिलं. तिने पहिला नियम बोट ठेवून वाचला, आणि मान हलवली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं.

मग नेहमीसारखे माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले. "तात्या ह्या हातात गेलं," ती म्हणाली.

माझे हात अजून मऊच आहेत.